तीन दिवसांत बदललेले आकडे

माळ्यावरच्या खोक्यात काल जुना मॉडेम सापडला. आईनं दसऱ्याला त्याला लावलेलं हळदकुंकू कडेच्या खाचेत अजून आहे, आणि मला पंचवटीतल्या घरातली ती संध्याकाळ आठवली. दादा अपघातात गेला त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यानं स्वतःची एक साइट केली होती, ती उघडली की त्याच्या आवाजात "या, बसा" ऐकू यायचं, आणि आई रोज दिवेलागणीला ते ऐकायची. साइटच्या नावाची मुदत कधीच संपली होती, पुण्याला मावशीकडे ती दिसत नव्हती, पण नावावरून साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या, आमच्या इंटरनेट कंपनीच्या डीएनएसला तिचा जुना पत्ता आई रोज ती उघडायची म्हणून अजून आठवत होता, म्हणून आमच्याकडे ती उघडायची. हे मला फार उशिरा कळलं. आई-बाबा नारायण नागबली करायला तीन दिवस त्र्यंबकला गेले, दादाला मुक्ती मिळावी म्हणून. इकडे नेट रखडत होतं. मैत्रीण म्हणाली, "मॉडेममधले कंपनीचे डीएनएसचे आकडे काढ, दुसऱ्या सेवेचे टाक, बघ कसं पळतं." मी टाकले. आई परत आली, पाय धुऊन कॉम्प्युटरसमोर बसली, तर पान सापडत नाही एवढंच आलं. मी गुपचूप जुने आकडे परत टाकले, पण तीन दिवस कुणी विचारलंच नव्हतं, तोवर कंपनीचं डीएनएसही तो पत्ता विसरलं होतं. बाबा म्हणाले, "पोचलं म्हणायचं." आईनं स्पीकरवरून हात फिरवला. "सुटला गं माझा," ती म्हणाली, आणि त्या रात्री वर्षभरानं तिला शांत झोप लागली. आकड्यांचं मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.