टर्बाइन, तात्या आणि माझा आगाऊ हात

जळोचीच्या आमच्या घरात विमान स्वयंपाकघराच्या दाराशी उभं असायचं.

म्हणजे कॉम्प्युटरमधलं विमान! नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बारामतीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो. त्यामुळे घरी एक जुना कॉम्प्युटर होता आणि अंगात नवा कोरा गर्व होता. माझी पुतणी सुनीता निरवांगीहून आमच्याकडे राहायला आली होती, बारामतीत विमान चालवायला शिकायला. (गावात ही बातमी पोचली तेव्हा पारावर एकच प्रश्न होता, "पोरगी यष्टीत वकती, इमानात काय करंल?") पोरीनं लहान विमानाचं लायसन पहिल्या झटक्यात काढलं. आता पुण्यात एका कंपनीची निवड परीक्षा होती. विमान एकाच इंजिनाचं, पण इंजिन टर्बाइनचं. परीक्षा गुरुवारी आणि तीही अशाच खोट्या विमानावर.

"काका, सरावाची सीडी मिळालीय. तुमच्या कॉम्प्युटरवर चालंल का?"

"चालंल का काय विचारतेस? मीच शिकवतो की तुला!" मी म्हणालो. (सोबतच्या पुस्तिकेची चार पानं मी वाचली होती. त्यातलं एक मुखपृष्ठ होतं.)

रविवारी जेवणं झाल्यावर मी कॉम्प्युटरपुढे बसलो. शेजारी सुनीता, दारात माझी बायको मंदा आणि मागे आरामखुर्चीत शेंगा फोडत माझे वडील, तात्या. तात्यांची सगळी नोकरी इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात टर्बाइनवर गेली होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी आठवलं मात्र कुणालाच नाही.

"सोपं असतं गं," मी म्हणालो, "इंजिन फिरवायचं आणि इंधन सोडायचं!" मी दोन्ही बटणं एकदमच दाबली. तापमानाचा काटा लाल रेघ ओलांडून गेला, पडद्यावर धूर आला आणि इंजिन जळाल्याची पाटी झळकली.

"एवढंच असतं?" मंदानं विचारलं.

दुसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं. मी जॉयस्टिकवरचा पॉवरचा दांडा फाडकन पुढे ढकलला. काहीच होईना! म्हणून आणखी ढकलला. टर्बाइन जरा सावकाश ओ देतं, हे पाचव्या पानावर असावं. त्यानं ओ दिली ती एकदम दिली! जोराचा काटा लाल, गरमीचा काटा लाल, मीही लाल. विमान उडालं आणि एका तळ्यात जाऊन बसलं.

"भिगवणला उतरलाच आहात, तर येताना मासे आणा," मंदा म्हणाली.

मागून शेंगांचा आवाज थांबला. "आरं, ह्ये टर्बाइन हाय व्हय?"

"हो तात्या. पण हे विमानाचं. तुमचं वाफेवरचं. फार फरक असतो."

"काटं तर तीच हायेत की. येग, जोर, गरमी."

हे मला झोंबलं. कॉम्प्युटर कुणाला कळतो, हे दाखवण्यासाठी मी पुढच्या उड्डाणाला दांड्यावर असा काही हात मारला, की दांडा माझ्या मुठीत आला. नुसता दांडा! जॉयस्टिक टेबलावरच राहिली.

कुणी हसलं नाही. पुण्याहून आणलेली ती वस्तू बारामतीत मिळत नव्हती आणि गुरुवार चार दिवसांवर होता. सुनीता "असू द्या काका" म्हणाली आणि तोंड फिरवून चष्मा पुसायला लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तात्या उठले. स्क्रू-ड्रायव्हर, एक वायसर आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन तासभर खाली मान घालून बसले. दांडा बसला, पण इतका घट्ट, की मुंगीच्या चालीनंच सरकायचा.

"आता बरूबर झाला," ते म्हणाले. मला खुर्चीवरून उठवलं आणि सुनीताशेजारी बसले.

"आदी नुसतं फिरू दे. येग आला का? आता सोड इंधन. हां! आता दांडा सरकव, आन् थांब. हात पुढं जातू, काटा मागनं येतू. त्यो आल्याबिगर म्होरं जायाचं न्हाय."

"तात्या, जोर अजून कमी पडतोय."

"आगं, गरमी बघ की! भाएर ऊन किती दावलंय? गरमी रेघंला टेकली की जोर कमी आसला तरी हात आवरायचा. इंजनाम्होरं हट्ट करायचा न्हाय."

विमान अलगद उडालं. वर हवा विरळ झाली, जोर उतरायला लागणार, तोच तात्यांनी सांगण्याआधी तिनं दांडा केसभर सरकवला. तात्या एकदम खूश! "काटा पडायच्या आत हात गेला हिचा! ह्ये शिकवून येत न्हाय." आयुष्यात विमानाला हात न लावलेला तो माणूस आणि एस.टी.त ओकणारी ती पोरगी, दोघं मिळून आकाशात होती. मी मागे उभा राहून शेंगांची टरफलं गोळा करत होतो.

चार दिवस दोघांचा सराव चालला. ती चहाला उठली की मीही एखादं इंजिन जाळून घ्यायचो. इतक्या घट्ट दांड्यानं मला ते कसं जमतं, हे कोडं तात्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी सुनीता पेढे घेऊनच घरात शिरली. परीक्षेत मुद्दाम कडक उन्हाची दुपार दिली होती. बाकीचे जोराच्या मागे धावले. ही गरमीच्या रेघेवर थांबली. परीक्षकांनी विचारलं, "कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "आजोबांनी. साखर कारखान्यात टर्बाइनवर होते." परीक्षक म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांग."

तात्यांनी पेढा हातातच धरला. बराच वेळ खाल्ला नाही.

मी घसा खाकरला. "आणि माझं काही...?"

"म्हंजे काय काका! शेवटी तोंडी प्रश्न होता, चालवणाऱ्याच्या चुकीनं इंजिन कसंकसं जळतं? मी नुसतं तुमचं वर्णन केलं. पैकीच्या पैकी मार्क!"