न विचारता सांगणाऱ्या आत्याबाई

माझ्या नवऱ्याच्या आत्याइतकं खरं बोलणारं माणूस आमच्या हिंगोली जिल्ह्यात दुसरं झालं नाही. झालं असलंच, तर घरच्यांनी त्याला बाहेर पडू दिलं नसेल. आत्याबाईंचा नवरा लवकर गेलेला, लेकरूबाळ नाही. त्या माहेरी, म्हणजे आमच्याच घरी राहायच्या आणि शेळ्या सांभाळायच्या. एसटीत कंडक्टरनं म्हातारी बघून अर्धं तिकीट फाडलं, तर म्हणायच्या, "माझं वय मला ठाव न्हाई, तुला कसं कळलं? पुरं फाड." जवळा बाजारला शेळी विकायला नेली, की गिऱ्हाईक कास चाचपत असतानाच या सांगायच्या, "दूध मस्त हाय, पर ती आपलं आपणच पिऊन टाकते." गिऱ्हाईक उठून जायचं आणि शेळी आमच्यासंगं घरी यायची, रस्ताभर रवंथ करत. माझे मालक चिडायचे. "आत्या, त्यानं इचारलं होतं का तुला?" त्यावर आत्याबाई शांतपणे म्हणायच्या, "इचारल्यावर कुणीबी सांगते रे."

साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा त्यांना मीच हाताला धरून नेत असे. परीक्षेच्या दिवशी साहेब येणार म्हणून गुरुजींनी सगळी उत्तरं फळ्यावर लिहून ठेवली. बाया माना खाली घालून उतरवून घेत होत्या. आत्याबाईंच्या पाटीवर फक्त त्यांचं नाव, तेही शेवटचं अक्षर सोडून. साहेबांनी विचारलं, "आजी, बाकीचं का नाही लिहिलं?" आत्याबाई म्हणाल्या, "ते गुरुजीला येते. मला न्हाई." गुरुजी फळा पुसायला धावले. पुढं कितीतरी दिवस ते आमचं दार टाळून, गावाला वळसा घालून शाळेत जायचे. आपण चारचौघांत गुरुजींची तारीफ केली तरी ते रुसले कशानं, हे आत्याबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण माझ्या लेकीचा लहानपणी कान फुटला होता आणि तेव्हापासून तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. तिला बघायला पहिले पाहुणे आले, त्या दिवशी आम्ही आत्याबाईंना मुद्दाम शेळ्यांमागं रानात पाठवलं. पोहे झाले, पसंती झाली, सुपारी फोडायचं बोलणं निघालं, आणि एक शेळी रानातच व्यायली म्हणून आत्याबाई करडू कवेत घेऊन दारात उभ्या! पाहुण्यांना रामराम घालून म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय. डाव्या कानानं ऐकू येत न्हाई, तेवढं सांगितलं का यांनी?"

पाहुणे सुपारी न फोडता उठले. मालक अंगणात ओरडत राहिले, मी चुलीपुढं बसून रडले. आत्याबाई करडासकट माझ्याशेजारी येऊन टेकल्या. "रडू नको, बाई. लगीन झाल्यावर कळलं असतं, तर 'फसवलं, फसवलं' म्हणून रोज बोलले असते. ते तिला एका कानानंबी बराबर ऐकू आलं असतं."

मी त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नाही. त्यांनीही ते मनावर घेतलं नाही. माझ्या वाट्याचं त्याच बोलायच्या.

पुढच्या वर्षी शिरड शहापूरचं स्थळ आलं. आत्याबाई तेव्हा आजारी, आतल्या खोलीत खाटेवर. परक्या माणसांपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पोहे देऊन दाराआड उभी राहिले. बोलणं सुपारीपर्यंत आलं. आतून काहीच आवाज नाही. मग माझं मलाच राहवेना. पदर सावरून पुढं झाले आणि जमिनीकडं बघत कानाचं सांगून टाकलं. मालकांनी कपाळाला हात लावला. मुलाच्या आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलं. आमच्या पोराला राग लवकर येते, ते तुमीबी ऐकून ठेवा." मुलगा लाजून खाली बघायला लागला आणि सुपारी फुटली.

आत जाऊन मी म्हटलं, "आत्याबाई, सांगितलं म्या."

"ऐकलं की. पर इतकं हळू काहून बोललीस? चोरी केल्यावानी!" म्हणून त्या हसायला लागल्या, ते खोकला लागेपर्यंत.

लग्नापर्यंत त्या राहिल्या नाहीत. व्याह्यांनी आत्याबाईंच्या मानाचं नऊवारी लुगडं आधीच घेऊन ठेवलं होतं. ते त्यांनी दुकानात परत केलं नाही, माझ्या हातात दिलं. ते नेसणारं आता घरात कुणी नाही. दर उन्हाळ्यात मी ते एकदा उन्हात घालते आणि दुकानाच्या त्याच घड्यांवर पुन्हा मिटून ठेवते.