फुलाबाईची वाटणी

फुलाबाईच्या हातून एकदा विज्ञानाचं फार मोठं नुकसान झालं. कुणी सांगितलं नसतं तर ती बिचारी जन्मभर अंधारातच राहिली असती, पण सांगणारे शिकलेले होते, त्यांनी राहू दिलं नाही.

माळशिरसच्या माळावर मेंढरं राखणारं हे घर. तिचा नवरा बाळासो दोनशे मेंढरं तोंडावरनं ओळखायचा. शहात्तर सालच्या उन्हाळ्यात त्याचं डोकं दुखायला लागलं, मग मेंढरं चुकायला लागली, उजवा पाय ओढायला लागला, आणि एक दिवस त्याने फुलाबाईलाच विचारलं, तू कुणाची गं? देवऋष्याने दोन महिने लिंबं कापली. त्या लिंबांचा गुण देवऋष्याला बरा आला, त्याचं घर सावरलं. शेवटी शाळेतल्या मास्तरांनी दोघांना सोलापूरच्या एका धर्मादाय इस्पितळात आणून सोडलं.

तिथे कवटी उघडून गाठ निघाली तेवढी काढली. गाठ वाईट जातीची, काढली तरी पुन्हा वाढणार, माणूस वर्षभर काढेल न काढेल, असं सर्जनसाहेबांनी हात धुता धुता सांगितलं. मोठ्या माणसांना वेळ कमी असतो.

पण नशीब बघा, त्याच वेळी मुंबईचे एक तरुण डॉक्टर नव्या औषधाचा प्रयोग घेऊन आले होते. अशा गाठीच्या सगळ्याच रोग्यांना किरण द्यायचे, त्यातल्या निम्म्यांना दर सहा आठवड्यांनी नव्या कॅप्सूलही द्यायच्या, आणि कोण जास्त जगतं ते पाहायचं. कॅप्सूल कुणाला, हे डॉक्टरही ठरवत नव्हते. बंद पाकीट फोडायचं, आत निघेल ते खरं. हे सगळं फुलाबाईला अंगठा उमटवण्यापूर्वी रीतसर वाचून दाखवलं, इंग्रजीत. पाकिटाचं मात्र तिला चटकन पटलं. गुरव देवाला कौल लावतो, तसाच हा प्रकार, आणि इथला देव मुंबईचा, म्हणजे जास्तच शिकलेला.

कौल बाळासोच्या बाजूने लागला. त्याला कॅप्सूल मिळाल्या.

शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडचा ईरप्पा होता. गाठ तीच, सर्जन तेच, पाकीट तेवढं वेगळं. त्याला नुसते किरण. त्याची बायको सुंदरम्मा कानडी बोलायची आणि फुलाबाईला कानडी येत नव्हतं, पण यामुळे दोघींचं काही अडलं नाही. सुंदरम्मा कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पुढे सरकवायची, फुलाबाई पिठलं द्यायची. एकीने डोळे मिटले की दुसरी दोन्ही नवऱ्यांवर लक्ष ठेवायची. माळावर काय, वॉर्डात काय, शेजाऱ्याला उपाशी ठेवून जेवायची रीत फुलाबाईच्या घराण्यात नव्हती. घराणं अडाणी, त्याला कोण काय करणार?

पहिल्या खेपेला नर्सबाईंनी सहा कॅप्सूलची पुडी स्टुलावर ठेवली, पाण्याबरोबर द्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्यांच्याकडे चाळीस खाटा होत्या. सुंदरम्माने ती पुडी पाहिली, मग ईरप्पाच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे केलं. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर फुलाबाईने कदाचित समजूत काढून सोडून दिलं असतं.

तिने तीन कॅप्सूल बाळासोला दिल्या आणि तीन नेऊन सुंदरम्माच्या हातावर ठेवल्या. सुंदरम्मा नको नको म्हणत राहिली, मग तिने वाकून फुलाबाईच्या पायांना हात लावला. निम्म्या औषधाने माणसं जरा सावकाश बरी होतील, पण होतील दोघंही, असा फुलाबाईचा हिशेब. पुढच्या तिन्ही खेपांना दोघी नेमून एकाच दिवशी एसटीने आल्या, आणि वाटणी ठरल्याप्रमाणे झाली.

इकडे मुंबईचे डॉक्टर बुचकळ्यात. ज्याला औषधच नाही त्या ईरप्पाला कॅप्सूलवाल्यांसारख्या उलट्या का होतात, त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी का घसरतात? त्यांनी तीनदा तपासण्या करून वहीत 'कारण अज्ञात' असं लिहिलं. कारण तिथेच खाटेशेजारी बसून शेंगा सोलत होतं, पण त्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

माघात बाळासो गेला. अठरा दिवसांनी ईरप्पा गेला.

फाल्गुनात इस्पितळाचं पोस्टकार्ड आलं, रोगी कधी व कसा वारला ते येऊन सांगावे. फुलाबाई गेली. बाळासो कसा गेला हे एवढ्या दिवसांत दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून गेली. डॉक्टरांनी तारीख लिहून घेतली आणि सुस्कारा टाकून म्हणाले, या औषधात काही दम दिसत नाही, मावशी. एकाला दिलं, एकाला नाही, दोघं एकाच महिन्यात गेले.

फुलाबाईला त्या औषधाची कीव आली. उगाच कुणाच्या माथी बोल कशाला?

"औषदाला नावं ठिवू नगा, सायब," ती म्हणाली. "त्येला पुरं दिलंच न्हाई आमी. निम्मं ईरप्पाला दिलं."

डॉक्टर आधी हसले, मग त्यांना कळलं. पुढचा पाव तास त्यांनी तिला विज्ञान, शिस्त आणि हजारो रोग्यांचं भलं यांवर जे ऐकवलं ते मराठीत होतं, अंगठ्याच्या वेळी मात्र मराठी सुचलं नव्हतं. मग त्यांनी वहीतली दोन नावं तांबड्या शाईने खोडली. बाळासो आणि ईरप्पा मेले होतेच, आता मेलेल्यांतही धरले जाणार नव्हते.

ते थांबल्यावर फुलाबाईने विचारलं, "पुरं दिलं असतं, तर वाचला असता व्हय?"

डॉक्टरांनी टोपण लावलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"तेच तर आम्हाला शोधायचं होतं, मावशी."

त्यांनाही माहीत नव्हतं. एवढी पाकिटं, एवढी वही, आणि माहीत कुणालाच नव्हतं. फुलाबाई बाहेर आली आणि पाय आपसूक वॉर्डाकडे वळले. बाळासोच्या खाटेवर डोक्याला पट्टी बांधलेला नवा माणूस होता. त्याची तरणी बायको हातात कॅप्सूलची पुडी धरून शेजारच्या खाटेकडे बघत बसली होती.

फुलाबाई तिच्यापाशी गेली, खाली वाकली.

"समद्या तुज्याच माणसाला दे," ती म्हणाली. "कुणाला वाटू नगंस."

एवढं बोलून ती वळली आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे न बघता दारापर्यंत चालत गेली.