सुमनमावशींचं एक्स्चेंज

आधी माफी मागतो. या पुरवणीत मोठ्या माणसांबद्दल मोठी माणसं लिहितात. सुमनमावशींना सिन्नरबाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं, आणि मी नाशिकला दुसऱ्या वर्षाला शिकणारा मुलगा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं तपासून देणारंही कोणी नाही. शिवाय शेवटचे तीन आठवडे मी मावशींशी बोललो नव्हतो... रागावून. अशा माणसाने त्यांच्याबद्दल लिहावं का, हे मला अजून कळत नाही. पण त्यांचे चिरंजीव महेशदादा म्हणाले, “तूच लिही. आई दिवसभर त्या खोलीत काय करायची, ते आम्हाला कधी कळलंच नाही.” म्हणून लिहितो आहे.

पहिल्या वर्षी कॉलेजने जुन्या नोकऱ्यांवर प्रकल्प करायला सांगितला, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. मावशी सिन्नरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तेव्हा सिन्नरच्या माणसाला मुंबईशी बोलायचं तर आधी मावशींना सांगावं लागे, मावशी नाशिकला सांगत, नाशिक मुंबईला. याला ट्रंक कॉल म्हणत. मी दारातच उभा राहून वहीतला पहिला प्रश्न वाचायला लागलो. “अरे, आधी बस. पाणी पी. प्रश्न काय पळून जात नाहीत,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. खिळ्याला त्यांचा जुना हेडफोन टांगलेला होता, आणि त्याच्या खाली स्टुलावर जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी घरघरत होती. “तो तेव्हाचा. आणि हे माझं आत्ताचं एक्स्चेंज.”

त्या पेटीत, म्हणजे एका छोट्या कम्प्युटरमध्ये, ‘आपलं सिन्नर’ चालत होतं. दिसायला ते नेहमीच्या सोशल मीडियासारखंच. लोक फोटो टाकत, बसच्या वेळा विचारत, लासलगावला आज कांद्याला काय भाव निघाला ते सांगत. फरक इतकाच की ते कुठल्या कंपनीचं नव्हतं. पेटी मावशींच्या घरात, नियम सिन्नरच्या लोकांनी एकत्र बसून ठरवलेले, आणि जाहिरात एकही नाही. मी म्हणालो, “म्हणजे फक्त सिन्नरपुरतंच?” मावशी हसल्या. त्यांनी पडद्यावर कोल्हापूरच्या एका बाईंची पोस्ट दाखवली, मग कुठल्याशा जर्मन गावातल्या सायकल दुरुस्त करणाऱ्याची. त्या दोघांच्या पेट्या त्यांच्या त्यांच्या गावात होत्या. “सिन्नरचं एक्स्चेंज सिन्नरला होतं, लासलगावचं लासलगावला. तरी बोलणं होत होतंच ना? एक बंद पडलं म्हणून दुसरं मुकं होत नव्हतं. आता सगळ्या जगाने एकाच मालकाच्या वाड्यात जाऊन गप्पा मारायच्या, हे मला पटत नाही बाबा.” त्या दिवशी बसमधून परतताना मला बसवेना. इतके दिवस मी फक्त वापरणारा होतो. असलं काही आपण चालवूही शकतो, हे मला पहिल्यांदाच सुचलं होतं.

मग मी दर रविवारी जायला लागलो. आधीची एक जुनी पेटी फळीवर बंद ठेवलेली असायची. धूळ बसू नये म्हणून त्या चालू पेटीवर रुमाल घालायच्या, पेटी तापून बंद पडायची, आणि मी रुमाल काढला की म्हणायच्या, “बघ, सिन्नरला ताप आला होता.” पण मला सगळ्यात आवडायचं ते त्यांचं भांडणं मिटवणं. कोणी शिवीगाळ केली तर मोठ्या साइटवर पोस्ट गुपचूप नाहीशी होते, का ते कळतही नाही. मावशी सरळ फोन लावायच्या. निवडणुकीच्या दिवसांत एकाने फारच घाण लिहिलं होतं. मावशींनी फोन केला, “नमस्कार, सिन्नर बोलतंय. तुमची पोस्ट वाचली. आईला फोन देता का? त्यांना वाचून दाखवते.” पलीकडून आवाज आला, “मावशी, नाय नाय, काढतो मी, आत्ता काढतो.” फोन ठेवल्यावर त्या गंभीरपणे मला म्हणाल्या, “पोस्ट काढायची तर माणसाला सांगून काढायची. त्यालाही आपल्याला दोन शब्द ऐकवता आले पाहिजेत.”

माझा वर्गमित्र सोमनाथ सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा. कामासाठी बाहेर पडलेली त्यांची माणसं द्राक्षाच्या मळ्यांत, बांधकामांवर विखुरलेली असतात. त्यांना आपापसांत, आपल्या बोलीत बोलायला एक जागा हवी होती. मी त्याला मोठ्या ऐटीत मावशींकडे घेऊन गेलो. त्यांनी भाकरी-पिठलं वाढलं, दोन तास खोदून खोदून विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, “सोमनाथ, तुला मी इथे खातं देणार नाही.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. “माझ्या घरात तुमची माणसं पाहुणी राहतील. तुमच्या बोलीतलं भांडण मला कळायचं नाही, आणि उद्या माझी पेटी बंद पडली तर तुमचं बोलणंही बंद. तुमचं तुम्ही उभं करा.”

मला ते सगळं बहाणा वाटलं. मी सिन्नर तालुक्यातला, म्हणून मला एका मिनिटात खातं, आणि आदिवासी मुलाला उपदेश. आमच्या गावात वेगळा ठेवलेला कप मी लहानपणी पाहिला आहे. रस्त्यात मी सोमनाथला म्हणालो, “पुन्हा इथे पाऊल ठेवायचं नाही.” दोन रविवार मी गेलो नाही, तेव्हा मावशींचा मेसेज आला, “रागावलास का रे?” मी उत्तर दिलं नाही. तो मेसेज अजून माझ्याकडे आहे.

एका सकाळी चहा ठेवता ठेवता मावशी गेल्या. मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांच्या घरी पोचलो तर भेटायला आलेल्यांनी घर भरलं होतं. महेशदादा म्हणाले, “पंखा लावायला जागा नव्हती, म्हणून आईच्या डब्याची पिन काढली काल. काही बिघडलं का?” मी तसाच आत गेलो. खोलीत पहिल्यांदाच घरघर नव्हती. आदल्या दिवसापासून सिन्नर गप्प होतं, आणि मावशी सोमनाथला काय सांगत होत्या ते मला तिथे, त्या शांततेत कळलं. फळीवरची त्यांची दुसरी जुनी पेटीही जागेवर नव्हती. मला वाटलं, आवराआवरीत कुठेतरी गेली असेल.

मी पिन लावली. बराच वेळ काही नाही... मग एकेक यायला लागलं. कोल्हापूरच्या बाईंनी विचारलं होतं, सिन्नरला लाइट गेलीय का? जर्मनीतल्या सायकलवाल्याचाही नमस्कार होता. पलीकडची पेटी बंद असली तर मेसेज लगेच हरवत नाही. पाठवणारी पेटी थांबते, थोड्या वेळाने पुन्हा दार वाजवते, पुन्हा वाजवते. मावशी म्हणायच्या, “ट्रंक कॉल लागेपर्यंत लावायचा असतो.”

ती पेटी आज चालू आहे. आम्ही चौघं मिळून तिला सांभाळतो, म्हणजे एकाची पिन निघाली तरी सिन्नर गप्प होणार नाही. पिंपळगावची दोन मुलं परवा येऊन गेली, पेठ तालुक्यातून एका बाईंचा फोन आला. सगळे विचारतात तेच, “आमचं आम्हाला जमेल का?” मला हे सांगताना फार आनंद होतो. गावोगावी एक पेटी, प्रत्येकीचे आपले नियम, आपली बोली, आणि तरी सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं... मी हे होताना पाहतो आहे.

सोमनाथने नंतर मला सांगितलं, तो माझ्या नकळत मावशींकडे जात होता. त्यांनी त्याला शिकवलं, ती जुनी पेटी दिली, आणि ती त्याने मांडीवर घेऊन एसटीने नेली. “तू माझ्यासाठी रागावला होतास,” तो म्हणाला, “तुला कसं सांगणार?”

पण त्या दुपारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी स्टुलासमोर जमिनीवर बसलो होतो, वर खिळ्याला हेडफोन तसाच होता. शेवटचा मेसेज बऱ्याच उशिराने आला. मावशींसाठी, त्या गेल्या त्याच दिवशी दुपारी पाठवलेला, एका नव्या पेटीवरून, जिचं नाव मी कधी वाचलं नव्हतं.

“हॅलो सिन्नर, सुरगाणा बोलतंय. मावशी, आमचं चालू झालं. ऐकू येतंय का?”