चिठ्ठीतली पाच मिनिटं

हैदराबादच्या विमानतळावर त्या सकाळी सामानाबरोबर आमचीही वजनं झाली. पौषातली थंडी होती आणि निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं. आठ आसनांचं लहान विमान बीदरला निघालं होतं. मी बीदरकडच्या कल्याणी गावात शाळामास्तर होतो. कामासाठी हैदराबादला आलो होतो, आणि विमानात बसलो हे शाळेत सांगता यावं एवढ्याचसाठी तिकीट काढलं होतं.

माझ्या शेजारी राजेश्वर गावचे शिवलिंगप्पा बसले होते. तूरडाळीचे व्यापारी, साठीचे, कपाळावर भस्माचे पट्टे. घरी कानडी आणि बाजारात मराठी बोलणारे. पंखे फिरू लागले तसे ते माझ्या कानाशी ओरडले, "मास्तर, हे जमिनीवरच एवढं बोंबलायलंय. वर गेल्यावर तरी गप बसंल का?"

त्या आवाजात वैमानिकाचं बोलणं मागे पोचत नसे. तो इंग्रजीत चिठ्ठी लिही आणि पडद्याआडून हात मागे करी. पहिल्या आसनावरच्या माणसानं ती सगळ्यांना ओरडून सांगायची, असा रिवाज होता. पहिलं आसन माझं होतं.

पहिली चिठ्ठी आली तेव्हा खाली जमीन दिसत नव्हती. दह्यासारखं घट्ट धुकं सगळीकडे साकळलं होतं. मी चिठ्ठी होती तशी वाचली: धुक्यामुळे बीदरचा तळ सापडत नाही, घिरट्या घालतो आहोत, पेट्रोल मोजकंच आहे. मागची एक बाई रडू लागली. तिचा नवरा माझ्यावरच खेकसला, "ओ मास्तर, असलं अशुभ कामून (कशाला) वाचायलाव? गप बसा की!" सगळे माझ्याकडे असे बघू लागले, जणू ते धुकं मीच पसरवलं होतं.

घिरट्या चालू राहिल्या. मग एक इंजिन खोकलं आणि थांबलं. पाठोपाठ दुसरंही. इतकी शांतता झाली की रडणाऱ्या बाईच्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला. पंखांवरून वारा शीळ घातल्यासारखा जात होता. पडद्याआडून हात आला. हातात दुसरी चिठ्ठी होती.

"पेट्रोल संपलं. अंदाजे पाच मिनिटांत शेतात उतरू. पट्टे आवळा. चष्मे काढा. डोकं गुडघ्यांवर टेकवा."

आता ओरडायचीही गरज नव्हती. कुजबुजलो असतो तरी सगळ्यांना ऐकू गेलं असतं. पण ते चेहरे पुन्हा माझ्याकडे वळले आणि मी म्हणालो, "उतरायलोत. बीदरचा किल्ला दिसेल म्हणतात."

बाई रडायची थांबली. कुणीतरी हसलं. मी चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली, पट्टा आवळला, चष्मा काढला आणि डोकं गुडघ्यांवर टेकवलं.

"कामून वाकलाव, मास्तर?"

"पोटात दुखतंय, अप्पा."

"ओवा देतो की. जरा थांबा, किल्ला बघून घेतो." त्यांचा पट्टा सुटल्याचा आवाज मी ऐकला. ते उठून खिडकीशी गेले. मी मान वर केली नाही.

दुबलगुंडीच्या शिवारात, ज्वारीच्या उभ्या पिकात आम्ही आदळलो. मला खरचटलंसुद्धा नाही. बाहेर आलो तर धुक्यात पंधरावीस माणसं उभी होती. कुणी जवळ येईना. शेवटी हातात विळा असलेली एक म्हातारी लांबूनच म्हणाली, "तुमी जित्ते (जिवंत) हाव का?"

"व्हय," मी म्हणालो. तिला ते पटलं नसावं. "आवाज न्हाई, काय न्हाई. भुतावानी आलं की हे," ती पुटपुटली, आणि विळा हातातच ठेवून तिनं मला पाणी दिलं. मग हुरडा आला, शेंगांची चटणी आली. माणसं खाऊ लागली. मीही खाल्लं.

शिवलिंगप्पांना कडब्यावर निजवलं होतं. रक्त कुठंच नव्हतं. ते धुक्याकडे बघत होते.

"किल्ला कुठं हाय, मास्तर?"

"मागं राहिला, अप्पा."

"मला कसा दिसला न्हाई?" ते म्हणाले. हुमनाबादला नेण्यासाठी बैलगाडी आली, तोवर ते गेले होते.

पुढे बीदरला जबान्या झाल्या. वैमानिकाचा हात गळ्यात बांधलेला होता. तो म्हणाला, मी चिठ्ठी दिली होती. अंमलदारानं विचारलं, "कुठे आहे?" बाकीच्यांनी सांगितलं, किल्ला दिसेल एवढंच कळलं. वैमानिक माझ्याकडे बघत राहिला. माझा हात कोटाच्या खिशात होता. "तेवढंच होतं," मी म्हणालो. प्रवाशांना सावध केलं नाही म्हणून त्याची नोकरी गेली. मी मोटारनं कल्याणीला परतलो आणि शाळेत पोरांना ढगांचं वर्णन सांगितलं.

गेल्या वर्षी मुलीकडे बंगळूरला विमानानं गेलो. वैमानिक सारखा बोलत होता: उंची किती, हवा कशी, धक्के केव्हा बसतील. शेजारचा तरुण वैतागला, "किती बडबडतोय हा!" मी मात्र गुडघ्यांकडे बघत बसलो होतो. घरी येऊन पेटीतली चिठ्ठी काढली आणि राजेश्वर गाठलं.

शिवलिंगप्पांची मुलगी गौराक्का आता म्हातारी झाली आहे. मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "वाचा. तवा वाचायची व्हती तशी."

मी मोठ्यानं वाचली. गौराक्कानं चष्मा काढून बाजूला ठेवला, पदर आवळून घेतला आणि डोकं गुडघ्यांवर टेकवलं. ती बराच वेळ तशीच राहिली. मग तिथूनच, मान वर न करता, तिनं विचारलं, "एवढंच करायचं व्हतं?"

"व्हय, अक्का."

चिठ्ठी तिच्याकडेच ठेवून मी परतीची बस धरली. खिसा रिकामा होता, तरी हात सारखा तिथं जात होता. घाबरतील म्हणून सांगितलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावलं. पण ती पाच मिनिटं माझी नव्हती. ती ज्याची त्याची होती, घाबरायला का होईना. त्या वैमानिकाचा पत्ता मला लागला नाही, म्हणून हे छापायला देतो आहे. त्यानं सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं.