ट्रंकेचं गाणं

आमच्याकडं गाणाऱ्या बाईला मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "सेम टू सेम!" हळदीचा कार्यक्रम संपला की नवरीची मावशी नाहीतर चुलती येऊन हात धरते आणि म्हणते, "आवं ताई, डोळं झाकलं तर वाटलं पिक्चरच लागलाय. सेम टू सेम!" सुरुवातीला मी लाजायचे. पुढंपुढं मला राग यायला लागला. डोळे झाकल्यावरच बरी वाटणारी बाई म्हणजे मी कोण, असं मनात यायचं. पण तोंडावर हसू ठेवून "या की कधी घरी" म्हणायचे, कारण पुढच्या लग्नालाही बोलावणं यायला हवं होतं.

आमचा ग्रुप चौघांचा. विट्याजवळच्या आमच्या गावातले शाळेचे गुरुजी कीबोर्ड वाजवायचे आणि निवेदनही तेच करायचे. मोटारींचं रिवाइंडिंग करणारा एक तरुण ऑक्टोपॅडवर ठेका द्यायचा. सांगलीत हळदीची अडत असलेले एक जैन शेठ पुरुषांची गाणी म्हणायचे. त्यांचा आवाज चांगला आणि गाडी मोठी, दोन्हींचा ग्रुपला उपयोग. आणि चौथी मी. दिवसभर घरी ब्लाउज शिवायचे आणि कार्यक्रमांच्या ठरलेल्या तारखांना नटून माईकसमोर उभी राहायचे. नवरा मिलिटरीत, म्हणून गावात मला कोणी फारसं नाव ठेवलं नाही. फौजीची बाई म्हटल्यावर लोक थोडं सांभाळून बोलतात.

घरात मी आणि मुलगी दोघीच. हे सुट्टीवर यायचे तेव्हा आधी त्यांची काळी ट्रंक यायची, पांढऱ्या अक्षरांत नाव आणि नंबर घातलेली. ती ठेवायला जागा एकच, खिडकीखाली, आणि तिथं माझं शिलाई मशीन. मग मशीन मागच्या अंधाऱ्या बोळात जायचं. माणूस चांगला. दारू नाही, हात उगारणं नाही. पण घरात असले की त्यांना सगळं कवायतीसारखं लागायचं. चपला रांगेत, चहा वेळेवर, गिऱ्हाइकं दारातून परत. मुलगी आणि मी हळू बोलायला लागायचो. सुट्टी संपली की जीप स्टँडकडं वळेपर्यंत मी रडायचे, आणि ते रडणं खोटं नसायचं. मग घरी येऊन मशीन ओढत खिडकीखाली आणायचे.

अशाच एका दिवशी मशीनच्या पायडलवर पाय चालत असताना एक चाल तोंडात आली. शब्द मागून आले.

*सुट्टी सरली, ट्रंक भरली, जीप वळली गं,*
*डोळं पुसलं अन् माझी मला जागा मिळाली गं.*

दुसरं कडवं संध्याकाळी भाकरी करताना जमलं.

*दोन ताटांचं घर माझं, तिसऱ्या ताटानं दाटलं गं,*
*आला तवा हसले मी, गेला तवा बरं वाटलं गं.*

शेवटची ओळ जमली तेव्हा मी तव्यावरची भाकरी करपवली. इतकी वर्षं दुसऱ्यांची गाणी म्हटली, पण आपल्या तोंडून आपलंच काही निघतं तेव्हा अंगावर असा काटा येतो हे मला माहीत नव्हतं.

गुरुजींना चाल आवडली. त्यांनी कीबोर्डवर ती सजवली, ऑक्टोपॅडवाल्यानं खाली हलगीचा ठेका टाकला. पुढच्या हळदीत गुरुजींनी मोठ्या हौसेनं माईकवर सांगितलं, "आता आमच्या वहिनींनी स्वतः रचलेलं एक गाणं." एवढं ऐकलं आणि निम्मा मांडव जेवायला उठला. उरलेल्यांतला एक जण खुर्चीतूनच ओरडला, "घरचं गाणं घरी म्हणा की! हितं चांगलं लावा!" मी पहिली ओळ म्हणून थांबले. शेठनी लगेच एक जुनं नाचाचं गाणं उचललं आणि उठलेली माणसं ताटं घेऊन परत आली.

त्यानंतरच्या कार्यक्रमात गुरुजींनी मला न विचारता डाव टाकला. "येऊ घातलेल्या एका मराठी चित्रपटातलं ताजं गाणं!" कोणी उठलं नाही. दुसऱ्या कडव्याला बायका टाळ्या धरायला लागल्या. आमच्या मुलखात एक घर सोडून एक घर फौजीचं. "गेला तवा बरं वाटलं" म्हटल्यावर मांडवात जो हशा उठला, तो अजून माझ्या कानात आहे. हसता हसता कितीजणी पदरानं डोळे टिपत होत्या. एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "नट्या-बिट्यांनाबी आमचं दुखणं कळतं म्हणायचं."

मी घरी येईपर्यंत गाडीत गुरुजींशी भांडले. म्हटलं, "आपल्याकडं बाई लाजत लाजत का होईना, उखाण्यात नवऱ्याचं नाव घेते. तुम्हाला माझं नाव घ्यायला काय होतंय?"

"वहिनी, नाव घेतलं की लोक उठतात. तुम्ही स्वतः बघितलंय."

शेठ गाडी चालवत होते. समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, माल चांगला असला की झालं. मार्का कुणाचा का असेना, खपतो."

"मग तुमच्या हळदीच्या पोत्यावर शेजारच्या पेढीचा मार्का मारू का?"

शेठनी गाडीतला टेप मोठा केला. पण पुढच्या वेळीही गाणं चित्रपटाचंच निघालं, त्याच्या पुढच्या वेळीही. लोक त्याला ट्रंकेचं गाणं म्हणायला लागले आणि फर्माईश करून मागायला लागले. पोरींनी मोबाईलवर शोधलं, सापडलं नाही, तर "पिक्चर पडला वाटतं" असं आपापसांत ठरवून टाकलं. फलटणच्या एका ग्रुपनं ते उचललं आणि त्यांच्या गायिकेच्या आवाजात ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलं. तिनं माझी एकही जागा सोडली नव्हती. सेम टू सेम. मी ते मशीनवर बसून ऐकलं आणि चुलीत घालावं असं वाटलं, ते गाणं, तो ग्रुप आणि गुरुजींचा कीबोर्ड, सगळं एकदम.

मग एकदा ह्यांचा फोन आला. लांब कुठंतरी थंडीत होते. आवाजात हसू मावत नव्हतं.

"अगं, आमच्यात एक फलटणकडचा पोरगा हाय. त्येच्या मोबाईलवर एक गाणं हाय, ट्रंकेचं. आख्खी बराक हसून बेजार. मला तर पाठच झालंय." आणि त्यांनी मला माझं गाणं म्हणून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बेसूर, पण एक शब्द न चुकता. मग विचारलं, "असल्या बायका असत्यात व्हय गं?"

गुरुजींशी नावासाठी भांडणारी मी. मी म्हणाले, "पिक्चरमदी काय बी दावत्यात."

फोन ठेवला आणि मला स्वतःची चीड आली. आणि चिडीच्या खाली सुटकाही होती, ते मी नाकारत नाही. तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो खोटा चित्रपट गुरुजींनी फक्त लोकांसाठी काढलेला नव्हता. मलाही तो लागत होता. त्याच्या आडून मी जे म्हणत होते ते माझं मी म्हणून चार माणसांत म्हणायची माझी छाती नव्हती. मला गाण्यावर नाव हवं होतं, पण गाण्यातली बाई मी आहे हे कुणाला कळायला नको होतं. दोन्ही एकदम कसं मिळणार!

हे रिटायर होऊन आले तेव्हा गावानं आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मिरवणूक काढली. उघडी जीप, झेंडूच्या माळा, पुढं हलगी, शाळेची पोरं झेंडे घेऊन. दारादारांत औक्षण झालं. मी पण जीपमध्ये शेजारी उभी होते, नवरीसारखी. संध्याकाळी देवळापुढं स्टेज घातलं होतं आणि सत्कारानंतर गाणी आमच्याच ग्रुपची. हे हार घालून पुढच्या खुर्चीत बसले होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या का चौथ्या गाण्यानंतर त्यांनीच हात वर केला.

"आता एक ट्रंकेचं व्हऊ द्या! आता काय ट्रंक परत भरायची न्हाई!"

सगळा चौक हसला. मी गुरुजींकडं बघून मान हलवली, नको म्हणून. गुरुजींना वाटलं मी लाजतेय. बिचाऱ्यांच्या मनात ते मागचं भांडण किती दिवस सलत असणार. त्यांनी माईक घेतला, घसा साफ केला.

"मंडळी, आज एक गुपित फोडतो. हे गाणं कुठल्याही चित्रपटातलं नाही. मी इतके दिवस तुमच्याशी खोटं बोललो. हे गाणं, याची चाल, याचा प्रत्येक शब्द आपल्या वहिनींचा आहे. त्यांनी आपल्या फौजीसाठी लिहिलेलं! टाळ्या!"

ज्या वाक्यासाठी मी वर्षानुवर्षं कुढले, ते असं आलं.

टाळ्या वाजल्या, पण पुढच्या पुरुषांच्याच. मागं बसलेल्या बायकांच्या, ज्या प्रत्येक हळदीत माझ्याबरोबर हे गाणं म्हणायच्या, त्यांच्या माना खाली गेल्या. नटीनं म्हटलं तर ते सगळ्यांचं होतं. माझं म्हटल्यावर ते फक्त माझ्या घरातलं झालं आणि दुसरीच्या घरात कोण डोकावणार! ह्यांच्या तोंडावर अजून हसू होतं, पण ते जागच्या जागी राहिलं होतं, सत्काराच्या फोटोत राहतं तसं.

ऑक्टोपॅडवाल्यानं ठेका धरला होता. मला गावं लागलं. पहिलं कडवं कसंबसं झालं. दुसऱ्याला माझ्या मनात आलं, गाणं माझंच आहे की, मग मी ते बदलू शकते. माझ्या गाण्यावरचा तेवढा हक्क मी त्या दिवशी पहिल्यांदा वापरला. "आला तवा हसले मी," म्हटलं आणि पुढं घातलं, "गेला तवा रडू दाटलं गं."

 जुनी ओळ सगळ्यांना पाठ होती. ह्यांना तर बराकीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त पाठ. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांचे ओठ सवयीनं माझ्याबरोबर हलत होते आणि त्या ओठांवर जुनीच ओळ आली. मग ते थांबले. मी सगळं होतं तसंच म्हटलं असतं तर ते एक गाणं राहिलं असतं, थट्टेवारी नेता आलं असतं. मी नेमकी तीच ओळ झाकायला गेले आणि खरी कुठली ते बोट ठेवून दाखवलं.

घरी आल्यावर ते चिडतील अशी मी वाट बघत होते. चिडले असते तर मी पण तोंड उघडलं असतं; माझ्याजवळ सांगण्यासारखं बरंच होतं. ते म्हणाले, "आवाज बढिया लागला आज." आणि चपला काढून रांगेत न ठेवता दाराबाहेरच ठेवल्या.

तेव्हापासून ते घरात पाव्हण्यासारखे राहतात. कॉटवर टेकायच्या आधी विचारतात, "हितं बसू का?" गिऱ्हाईक बाई आली की स्वतः उठून पारावर जातात. मी म्हटलं, "आवं, असं काय करताय, घर तुमचं हाय." ते म्हणाले, "व्हय की," आणि गेले. मुलगी आता सांगलीला शिकते, हॉस्टेलवरून आली की तिच्याशी हसून बोलतात, तिला काही कळलेलं नाही. गाण्याला ते अडवत नाहीत. उलट कार्यक्रम असला की माझी पिशवी गाडीपर्यंत आणून देतात. गुरुजी आता दर वेळी माझं नाव मोठ्यानं घेतात आणि ट्रंकेचं गाणं आता कोणीच मागत नाही. मी पुन्हा दुसऱ्यांची गाणी म्हणते, आणि लोक "सेम टू सेम" म्हणाले की खरंच मान खाली घालते.

ट्रंक त्या दिवशी जीपमधून उतरवली ती दारातच, बाहेरच्या सोप्यात आहे. कुलूप काढलेलं नाही. लागतील ते दोन कपडे ते शेजारच्या पिशवीतून काढतात. आलंगेलं माणूस ट्रंकेवरच बसतं. गेल्या आठवड्यात मी मनाशी ठरवून, कोणी न सांगता, मशीन ओढत मागच्या बोळात नेलं, खिडकीखालची जागा झाडून, पुसून घेतली आणि त्यांना हाक मारली.

"आवं, ट्रंक आणा आत. जागा केलीया."

ते आले. खिडकीकडं बघितलं, मग बोळातल्या मशीनकडं बघितलं.  बोळात जाऊन एकट्यानं मशीन उचललं आणि परत खिडकीखाली आणून ठेवलं.

"ट्रंक राहू दे दारातच," म्हणाले. "उचलायला सोपी पडती."