येथे दात घासून मिळतील

माणसाच्या बत्तीस दातांचं काय व्हायचं ते होवो, पण चेनचा एक दात बोथट राहिला तर ज्यांना जेवण गोड लागत नाही असे गृहस्थ अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच, आणि ते नेमके माझे साडू निघावेत! लाकूड कापायच्या पेट्रोल मशीनच्या चेनला धार लावणं हा त्यांचा जिंतुरातला धंदा. दुकानावर त्यांनी स्वतः पाटी रंगवली आहे, ‘येथे दात घासून मिळतील’. ती वाचून एक म्हातारे गृहस्थ गाल धरून आत शिरले. साडूभाऊंनी हातातली गोल कानस खाली न ठेवता विचारलं, “उभं फाडायचंय का आडवं तोडायचंय?” गृहस्थ जे सुटले ते थेट एसटी स्टँडवर. दुकानातल्या बाकावर बसलेला मीही हळूच दाराकडे सरकलो.

माझ्या लग्नाच्या पंगतीत ते माझ्यासमोर बसले होते. बराच वेळ माझं खाणं निरखून ते भर मांडवात सासऱ्यांना म्हणाले, “जावई डाव्या अंगानं लय चावायलाय. उजवी बाजू तपासून घ्या.” सासऱ्यांच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. माझी बायको अजून मी जेवताना उजव्या गालाकडे बघते! पण कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. आडव्या कापाला तिरपी धार चालते. ओंडका उभा फाडून फळ्या काढायच्या तर धार जवळजवळ सरळ हवी आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या, नाहीतर काप एका अंगाला सरकत जातो. म्हणून उजवीकडचे दात ते उजव्या हातानं घासायचे, डावीकडचे डाव्या हातानं, आणि प्रत्येक दाताला कानशीचे फेरे मोजून द्यायचे.

गेल्या वर्षी पेडगावला आमच्या दारातला कडुलिंब वाऱ्यानं पडला. आईचा सगळा जन्म त्याच्या सावलीत गेलेला. तिला त्याच लाकडाची बंगई हवी होती, झोके घ्यायला. खोड आतून पोकळ निघालं. एकच रुंद फळी निघेल एवढा ओंडका धड होता. साडूभाऊ आले, तासभर चेन घासली, मशीन चालवलं. फळी उलटली आणि मी हबकलोच. एका अंगाला चार बोटं जाड, दुसऱ्या अंगाला जेमतेम दीड! त्यांच्या हातून असं होईल हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

ते मटकन खाली बसले. “फेरे तर बरोबर दिलते,” ते हळूच म्हणाले. “पण दिवाळीपासून डाव्या हातात जोरच न्हाई. घरात कुणाला बोललो न्हाई.” वर्षानुवर्षं या माणसाची मी टिंगल करत आलो, आणि तोही थकेल हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

“मावशी, हे टाकून द्या. मी दुसरं लाकूड आणतो,” ते माझ्या आईला म्हणाले.

“दुसरा लिंब कुठून आणता, पाव्हणं?” म्हणत आई त्या वाकड्या फळीवर जाऊन बसली. जरा सरकली, पुन्हा सरकली. “माझी कंबर बी एका अंगाला गेलीय. बसतंय की बरोबर.”

साडूभाऊ हसले नाहीत. डावा हात मांडीवर घेऊन, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसे त्याच्याकडे बघत राहिले. तो हात हातात घ्यावा असं मला फार वाटलं. पण आम्हा पुरुषांना असलं कुठं जमतं? मी आत जाऊन चहा टाकला.